‘जुनं पिंप’ घेण्याआधी अर्धा तास द्या

थंडी पडली, इंदूरच्या सराफ्यात गराडूचे कंद तळायला लागले की आमचं ‘जुनं पिंप’ नावाचं अत्तर मागायला गिऱ्हाईक येतं. त्यासोबत एक तक्रारही ठरलेली: ‘अहो, याला तर दारूचा वास येतोय.’ गर्दीच्या वेळी प्रत्येकाला नीट समजावणं होत नाही, म्हणून हा कागद.

बाटलीत रम किंवा व्हिस्की नाही. कुठल्याही स्प्रेत असतं तसं अत्तराचं अल्कोहोल आहे. ते पिण्याचं नव्हे आणि अंगावर पडलं की एक-दोन मिनिटांत उडतं. त्यामागून येणारा गोडसर, रमसारखा वास दवण्याच्या तेलाचा. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच दवणा! त्याच्या तेलाला पिकल्या फळासारखा, मुरलेल्या मद्यासारखा वास असतो. पुष्कळांना हे पटत नाही, म्हणून नुसत्या दवण्याच्या तेलाची कुपी काउंटरवरच ठेवली आहे. मागून घ्या, हुंगून बघा.

बाकी मसाला आपल्या डब्यातलाच: वेलची, दालचिनी, लवंग, जायफळ. तळाला व्हॅनिला, ऊद आणि थोडं चंदन. मसाला आणि पिंप ही जोडी आम्ही ओढूनताणून जमवलेली नाही. स्कॉच व्हिस्की किमान 3 वर्षं ओकच्या पिंपात मुरवावी लागते, तसा तिथला कायदाच आहे. पिंप आतून शेकलेलं असतं. त्या शेकण्याने लाकडातून व्हॅनिलिन सुटतं, म्हणजे व्हॅनिलाला तिचा वास देणारा तोच पदार्थ. लवंगेतलं युजेनॉलही ओकमध्ये थोडं असतंच. मुरलेल्या मद्याला मसाल्याचा वास येतो तो असा.

आता खरी अडचण. मनगटावर फवारा मारला, दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली, लगेच नाक टेकवलं आणि निकाल दिला, असं बहुतेक जण करतात. तेवढ्यात नाकाला मिळतं ते अल्कोहोल, दवणा आणि जरा वेलची. दालचिनी-लवंग दहा-पंधरा मिनिटांनी वर येते. व्हॅनिला आणि ऊद अर्ध्या तासाने कळतात, आणि संध्याकाळपर्यंत अंगावर राहतात ते तेच. नको म्हणून कुणी निघून गेलं तर हरकत नाही. पण काहींना पहिला झणका आवडतो, ते मोठी बाटली नेतात आणि तिसऱ्या दिवशी ‘हे तर गोड निघालं’ म्हणून परत घेऊन येतात. उघडलेली बाटली आम्ही परत घेत नाही. एकाने वापरलेली बाटली दुसऱ्याला विकणं आम्हाला जमणार नाही.

म्हणून आमची पद्धत अशी: कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारून तिच्यावर पेन्सिलीने वेळ लिहून देतो. दुसरा फवारा तुमच्या मनगटावर. घासू नका, घासल्याने वरचा हलका वास लवकर उडतो. राजवाड्याला एक चक्कर मारून या आणि मग ठरवा. गेल्या थंडीत एक गृहस्थ ‘नको’ म्हणून गेले, पट्टी शर्टाच्या खिशात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन आले. शर्ट धुवायला घेताना त्यांना जायफळ घातलेल्या खिरीसारखा वास आला होता. बाटली त्यांनीच पसंत केली.

ज्यांना घाई नाही त्यांनी 2 मिलीची कुपी न्यावी, दोन दिवस लावून बघावी. मोठी बाटली घेतलीत तर कुपीचे पैसे त्यातून वजा होतात.

पांढऱ्या सदऱ्यावर मात्र हे मारू नका. व्हॅनिला आणि लवंगेमुळे पिवळसर डाग पडतो आणि तो सहज जात नाही. बाटलीतला रंग काही महिन्यांनी गडद होतो तोही याचमुळे, माल खराब झालेला नसतो. बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. दालचिनी काहींच्या कातडीला चावते, तेव्हा आधी कोपराच्या आत थोडंसं लावून पाहा. दोन फवारे पुरे. मे महिन्यात हे लावू नका, तेव्हा आमच्याकडचा खस घ्या.

अल्कोहोल अजिबात नको असेल, पूजेला बसायचं असेल, तर हाच मेळ तेलात केलेला आहे, 6 मिलीच्या कुपीत. तो उमलायला आणखी वेळ घेतो, पण पहिला झणका त्यात नसतो.