एटीव्हीचं इंजिन जाम झालंय का ते ओळखणं

एटीव्ही म्हणजे क्वाड बाइकचं इंजिन जाम किंवा सीझ झालं असं म्हणतात तेव्हा आतला क्रँक (पिस्टनच्या खालचा मुख्य दांडा) फिरायचा थांबलेला असतो, सेल्फ मारला की नुसतं टक वाजतं आणि हाताने सुरू करायची दोरी ओढायला गेलं तर ती जागची हलत नाही. गंमत अशी की बॅटरी उतरली, सेल्फचा रिले गेला किंवा सेल्फची मोटरच अडकली तरी तोच टक ऐकू येतो, आणि दोरीच्या कव्हरमध्ये चिखल वाळून बसला तरी दोरी हलत नाही, त्यामुळे नुसत्या लक्षणावरून इंजिन गेलं म्हणणं घाईचं आहे. खरंच जाम आहे का हे कळायला हेड उघडावं लागत नाही, प्लगपाना आणि लांब दांड्याचा गोटी पाना एवढ्यावर भागतं. तोवर सेल्फ मारत बसू नये, इंजिन राहील बाजूला आणि सेल्फ जळेल.

आधी गाडी न्यूट्रलला घेऊन ढकलून बघायची, तरीही हलली नाही तर दोष इंजिनाबाहेर, गिअरबॉक्स किंवा चाकांकडे असू शकतो. बेल्टवाल्या गाड्यांमध्ये कधीकधी बेल्ट फाटून त्याचे धागे पुढच्या पुलीत गुंडाळले जातात आणि इंजिन अडकल्यासारखं वाटतं, म्हणून कव्हर काढून बेल्ट बाजूला केला की दोष इंजिनात आहे का मागच्या गिअरबॉक्समध्ये ते वेगळं करता येतं.

मग स्पार्क प्लग काढायचा, आणि माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. बऱ्याच फोर-स्ट्रोक एटीव्हीत कॅमवर एक छोटा डीकॉम्प्रेसर असतो, सुरू करताना तो व्हॉल्व्ह जरासा उघडा ठेवतो, तो बिघडला की कॉम्प्रेशन (पिस्टनने दाबलेल्या हवेचा जोर) इतकं लागतं की दोरी ओढवत नाही आणि लोक जाम समजतात, प्लग काढल्यावर मात्र इंजिन सहज फिरतं. दुसरी शक्यता पाण्याची. गाडी खोल पाण्यात घातली आणि एअरबॉक्समधून पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना जागीच अडतो, याला हायड्रोलॉक म्हणतात. कार्ब्युरेटरची फ्लोट सुई चिकटली तर पाण्याऐवजी पेट्रोलही भरू शकतं. प्लग काढून इंजिन फिरवलं की ते भोकातून जोरात उडतं, म्हणून तोंड बाजूला ठेवायचं आणि इग्निशन बंद करून प्लगची वायर लांब करायची, पेट्रोल असेल तर एक ठिणगी पुरेशी आहे. इंजिन चालू असताना पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, हे विसरू नये.

प्लग काढूनही हलत नसेल तर दोरीचं कव्हर उतरवून मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) नटला पाना लावायचा आणि नट घट्ट होतो त्या दिशेने हळूहळू जोर द्यायचा. पाइप घालून त्यावर उभं राहायचं नाही. इथे हाताला जे लागतं तेच वाचायचं असतं: अजिबात ढिम्म असेल तर पिस्टन गंजून किंवा घासून ब्लॉकला (सिलिंडरला) धरलाय नाहीतर रॉडचं बेअरिंग पकडलंय, थोडं मागेपुढे होऊन दोन्हीकडे एकाच जागी टक करून थांबत असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतोय, टायमिंग चेन अडकलीय किंवा तुटलेला तुकडा कुठेतरी आड आलाय. खरखरत फिरत असेल तर क्रँकच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा.

प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर पिस्टनच्या वरची भिंत दिसते, तपकिरी गंज असेल तर गाडी बरेच दिवस पडून होती, उभे चंदेरी ओरखडे असतील तर पिस्टन घासलाय. अॅल्युमिनियमचा पिस्टन तापला की लोखंडी स्लीव्हच्या (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीच्या) जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो आणि दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, त्यामुळे ऑइल कमी पडलं, रेडिएटर चिखलाने बुजला किंवा टू-स्ट्रोकमध्ये कुठून हवा ओढून मिश्रण पातळ झालं तरी ती फट संपते. फोर-स्ट्रोकचं ऑइल काढून बघणं तर फुकटातली तपासणी आहे: दुधाळ असेल तर पाणी गेलंय, चकाकी असेल तर धातू झिजलाय, त्यात चुंबक फिरवून कण चिकटले तर ते पोलादी भागाचे, बेअरिंग किंवा गिअरचे, नाही चिकटले तर बहुतेक पिस्टनचे.

गंजाने धरलेलं इंजिन भोकातून गंज सोडवणारं तेल ओतून काही दिवस ठेवलं आणि रोज थोडं थोडं हलवलं तर कधी कधी सुटतं. सुटलं म्हणून लगेच सेल्फ मारायचा नाही, आधी ऑइल बदलून हाताने दोनचार पूर्ण फेरे आणि मग कॉम्प्रेशन गेज, कारण पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या राहिल्या तर आकडा कमीच येतो आणि शेवटी ब्लॉक उतरवावाच लागतो.