जुना कॅराव्हॅन ट्रेलर घेण्याआधी
कुटुंबासह वर्षभर फिरस्तीला निघणाऱ्या आमच्या नाशिकच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुन्या कॅराव्हॅन ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, सौदा बहुतेक वेळा नवे पडदे, नवी गादी आणि पॉलिश केलेला पत्रा पाहून ठरतो. हे सगळे कधीही बदलता येते. ज्यात पैसा बुडतो त्या गोष्टी तीनच: कागद, एक्सलची ताकद आणि भिंतीत मुरलेले पाणी. म्हणून तपासणीही याच क्रमाने करावी. कागद नसतील तर वाकून चाके बघण्यातही वेळ घालवू नका.

कागद
मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हेही वाहनच. त्याला स्वतःचा नोंदणी क्रमांक, आरसी आणि विमा हवा. ओढणाऱ्या गाडीच्या कागदांवर तो चालत नाही. आरसीवरचा चासी नंबर आणि दांड्यावर कोरलेला नंबर स्वतः ताडून पाहा. रंगाखाली दडला असेल तर मालकासमोर रंग खरवडून घ्या. ट्रेलर परदेशातून आलेला असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयातीची पावती) मागा. नाव बदलायला फॉर्म २९ व ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओचे पासिंग असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८. ‘कागद नंतर करून देतो’ असे ऐकले की व्यवहार तिथेच थांबवावा, हे आमचे स्पष्ट मत.

ट्रेलरऐवजी इंजिनवाली जुनी व्हॅन घेणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. वर्षभर राहायला ती कामाची नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगे फेरफारही करता येत नाहीत.

वजन
ट्रेलरच्या पाटीवर एकूण कमाल वजन लिहिलेले असते. विक्रेता सांगतो ते ‘रिकामे वजन’ मात्र कारखान्यातून बाहेर पडतानाचे. त्यानंतर कोणी कपाटे वाढवलेली असतात, कोणी जाड प्लायवूड ठोकलेले असते. त्यामुळे आडगाव ट्रक टर्मिनसच्या बाजूला किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या वजनकाट्यावर ट्रेलर गाडीपासून सोडवून मोजा आणि पावती घ्या.

समजा पाटीवर १,३०० किलो आहे आणि काट्यावर ट्रेलर १,१२० भरला. हातात राहिले १८०. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो गेले. बॅटरीचे ३० धरा, पाच किलो गॅसच्या दोन भरलेल्या टाक्यांचे सिलिंडरसकट साधारण २५. आता चार माणसांचे कपडे, भांडी, धान्य आणि मुलांची पुस्तके यांना २५ किलो उरतात! सुट्टीपुरते जाणाऱ्याचे यात भागते, वर्षभर राहणाऱ्याचे नाही. पूर्णवेळ प्रवासाला सामान ठेवायला किमान ३५०–४०० किलोची मोकळीक असलेलाच ट्रेलर बघा. आणि तेवढा भार ओढायची मुभा तुमच्या गाडीला कंपनीने दिली आहे का, ते आधी मॅन्युअलमध्ये वाचा.

हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या पुढच्या टोकावर, येणारा भार वेगळा मोजायचा. ट्रेलर सपाट जागी उभा करून, चाकांना पाचर लावून, हिचखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवा. ब्रिटिश-युरोपीय ट्रेलरला हा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकन ट्रेलरला १० ते १५. भार कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि गाडीलाही ओढतो. कारण बहुतेकदा मागच्या कपाटात भरलेले जड सामान असते. जड वस्तू एक्सलवर आणि खाली, हलक्या वर.

गाडीमागच्या जोडणीच्या बॉलचे मापही बघा. त्यावर बसणारा ट्रेलरचा युरोपीय कपलर ५० मिलीमीटरचा, अमेरिकन दोन इंची म्हणजे ५०.८ मिलीमीटरचा. फरक एक मिलीमीटरहून कमी, त्यामुळे ‘बसतंय की’ म्हणून जोडून दिले जाते. कपलर मग नीट कुलूप होत नाही, किंवा ढिला राहून धक्के देतो.

टायर, बेअरिंग, ब्रेक
टायरची नक्षी ताजी दिसली तरी फसू नका. उभा ट्रेलर टायर झिजवत नाही, वाळवतो. कडेवरचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. पाच ते सात वर्षांपलीकडचा टायर बदलायचा. बदलताना लोड इंडेक्स पाहा: १,३०० किलोच्या एका एक्सलच्या ट्रेलरला प्रत्येक चाकावर सुमारे ६५० किलो येतात. ९८ इंडेक्सचा टायर ७५० किलो पेलतो, लहान कारचा ८२ इंडेक्सचा फक्त ४७५.

चाक उचलून फिरवा. घरघर किंवा वरखाली खेळ असेल तर बेअरिंग संपले. ट्रेलरने गाडीला ढकलल्यावर आपोआप लागणारा ओव्हररन ब्रेक असेल तर कसारा घाट उतरताना तो सतत लागलेला राहतो आणि ड्रम तापतात. खालच्या गिअरमध्येच उतरा आणि खाली पोचल्यावर हब हाताने चाचपा. एक बाजू दुसरीपेक्षा फार गरम असली तर तिकडचे सेटिंग चुकले आहे. चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही, झोपलेल्या मुलालाही, बसवायचे नाही.

पाणी कुठून शिरते
सर्वांत जास्त वेळ इथे द्या. जुन्या ट्रेलरचा बाहेरचा पत्रा अॅल्युमिनिअमचा आणि आत लाकडी सांगाडा असतो. सांधे लांबीने (पुट्टीने) बंद केलेले असतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ही लांबी सुकून आकसते, बारीक फट पडते आणि जूनमध्ये इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस त्यातून आत जातो. पाणी दिसत नाही, कारण ते आतल्या सनमायकाच्या मागे उतरते आणि खालची पट्टी कुजवते. वरून सगळे ठीकठाक, आत भुसा.

खिडक्यांचे खालचे कोपरे, छतावरच्या व्हेंटभोवती, पुढचे दोन्ही कोपरे, पलंगाखालच्या पेट्या: इथे अंगठा दाबा. भिंत दबली किंवा प्लायवूड फुगलेले वाटले की थांबा. लाकडातली ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरवर १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० मध्ये शोध घ्यायचा, त्यावर लाकूड खराब होत आहे असे समजायचे. एक मेख अशी की उन्हाळ्यात मीटर कमी दाखवतो. मे महिन्यात ट्रेलर घेत असाल तर आकड्यापेक्षा डाग, ताजा रंग आणि नव्या चिकटवलेल्या पट्ट्यांवर जास्त लक्ष ठेवा. शेवटी पाइपने पाणी मारून बघा, खालून सुरुवात करून हळूहळू वर, प्रत्येक भागावर दहा मिनिटे, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरू केले तर फट नेमकी कुठली ते कळत नाही.

जागोजागी सिलिकॉन फासलेले असेल तर तो वाईट इशारा आहे. सिलिकॉनवर नंतर काहीच चिकटत नाही. तो पूर्ण खरवडून ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावावी लागते. चासी लोखंडी असेल तर अॅल्युमिनिअम जिथे तिला टेकते तिथे, पाणी साचले की, पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा झडतो. मागच्या बंपरवर उभे राहून हलके उसळा: बॉडी आणि चासी वेगवेगळी हलत असतील तर जोड तुटलेला आहे.

गॅस, वीज, संडास
एलपीजी हवेपेक्षा जड. गळली तर तळाशी साठते, म्हणून फरशीत आणि सिलिंडरच्या कप्प्यात खाली भोके ठेवलेली असतात. धूळ-उंदीर येतात म्हणून ती बुजवलेली आढळली तर लगेच मोकळी करा. रबरी नळी नवी घ्या, पाच वर्षांनी बदला. गॅसवरच्या जुन्या फ्रिजमधून अमोनियाचा वास किंवा मागे पिवळे डाग दिसले तर तो गेला, दुरुस्तीत पैसे घालू नका.

अमेरिकन ट्रेलरची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लग बदलून काम होत नाही. वायरिंग, एमसीबी (जादा भार झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आणि अर्थिंग नव्याने करावे लागते. त्याचे दारही उजव्या हाताला, म्हणजे आपल्या रस्त्यावर वाहतुकीच्या बाजूला उघडते. मुले असतील तर हा एकच मुद्दा ब्रिटिश ट्रेलरच्या बाजूने पुरेसा आहे. १०० अँपिअर-तासाच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी, म्हणजे सुमारे ६०० वॉट-तास. दिवे, पंखे, मोबाइलला पुरे, एसीला नाही.

मोठ्या मैलाटाकीपेक्षा कॅसेट संडास, म्हणजे काढून नेता येणाऱ्या छोट्या टाकीचा, घ्या. मैला रिकामा करायची सोय वाटेत सहसा मिळत नाही; १८-२० लिटरची कॅसेट मात्र कुठल्याही संडासात ओतता येते. चौघांत ती दोन दिवसांत भरते. फॉर्मॅल्डिहाइडचे रसायन वापरू नका, ज्यांच्याकडे ओताल त्यांच्या सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात.

आमच्याकडे तपासणीला ट्रेलर आणताना आरसी, विमा आणि काट्याची पावती सोबत आणा, पाण्याची टाकी रिकामी ठेवा, सिलिंडर काढून ठेवा. फरशी आणि छत पाहायला आतले सामान बाहेर काढावे लागते, त्यामुळे अर्धा दिवस हाताशी ठेवा. विक्रेत्याने पाणी मारायला किंवा फरशीचा कोपरा उघडायला नकार दिला तर आम्ही तपासणी करत नाही.