विशेषण कुणाला, क्रियापद कुणाला?

६ ऑगस्ट २०१९ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या आवृत्तीचा मुख्य मथळा सांगत होता की ट्रम्प यांनी वंशद्वेषाविरुद्ध एकजुटीचं आवाहन केलं आहे. तीनच दिवसांपूर्वी टेक्सासमधल्या एल पासो शहरात हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांना लक्ष्य करून गोळीबार झाला होता. भाषणात ट्रम्प यांनी वंशद्वेषाचा निषेध केला होता, हे खरंच. पण जुलैत त्यांनीच चार गौरेतर महिला खासदारांना ‘आलात तिथे परत जा’ असं सुनावलं होतं, आणि त्यांतल्या तिघी जन्माने अमेरिकन. वाचक संतापले, पुढच्या आवृत्तीत मथळा बदलला आणि तो वाईट होता हे संपादकांनीही मान्य केलं.

त्या मथळ्यात खोटा शब्द एकही नव्हता, म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. राजकारण्यांबद्दलच्या मथळ्यांत वांशिक पूर्वग्रह शिरतो तो बहुधा असाच: काय वर घेतलं आणि काय गाळलं, यातून.

खाली सविस्तर बातमी असते, मग मथळ्याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ उलरिश एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये हेच तपासलं. एका बातमीत घरफोड्या दहा वर्षांत १० टक्क्यांनी घटल्याचं आणि शेवटच्या वर्षात ०.२ टक्के वाढल्याचं दिलं होतं. काहींना तीच बातमी ‘घरफोड्या वाढताहेत’ अशा मथळ्याखाली दिली. दिशाभूल करणारे मथळे वाचलेल्यांना मजकुरातले तपशील कमी आठवले. मथळा एकाबद्दल आणि फोटो दुसऱ्याचा असेल, तर त्या चेहऱ्याबद्दलचं मतही बदलत होतं.

हे वाचताना ब्रिटनमधली २०२०च्या फेब्रुवारीतली घटना डोळ्यांसमोर येते. बीबीसीने मार्शा द कॉर्डोव्हा या कृष्णवर्णीय खासदारांच्या चित्राखाली दुसऱ्या कृष्णवर्णीय खासदार डॉन बटलर यांचं नाव दाखवलं. त्या चुकीची बातमी देताना ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ने तिसऱ्याच कृष्णवर्णीय खासदारांचा फोटो लावला!

पूर्वग्रह व्याकरणातही बसतो. इटलीतल्या फेरारा शहरात वस्त्यावस्त्यांमध्ये घोड्यांच्या शर्यतीची जुनी चुरस आहे. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ अॅन मास यांनी तिथल्या लोकांना चित्रांतले प्रसंग वर्णन करायला सांगितले. आपल्या वस्तीतल्या माणसाचं चांगलं कृत्य हा त्याचा स्वभाव ठरे. प्रतिस्पर्ध्याचं तेच कृत्य म्हणजे त्या वेळची एक कृती. वाईट कृत्य असलं की नेमकं उलट. थोडक्यात, आपल्याच्या चुकीला क्रियापद मिळतं, परक्याच्या चुकीला विशेषण चिकटतं. ‘अमुक सभागृहात संतापले’ आणि ‘संतापी अमुक’ हे दोन मथळे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यातला राग संध्याकाळी शमतो, दुसऱ्यातला नेत्याच्या नावाला कायमचा जोडला जातो.

आणि ‘आपला’ कोण, हे ठरलेलं असतं ते नकळत. मानसशास्त्रज्ञ थिएरी देवोस आणि महजरीन बनाजी यांनी २००५मध्ये दाखवलं की अमेरिकेतले लोक तोंडाने सर्व वंशांना समान मानत असले, तरी ‘अमेरिकन’ म्हटल्यावर त्यांच्या मनात झटकन जुळतो तो गोरा चेहरा. आशियाई वंशाच्या अमेरिकनांचंही तेच. म्हणून गोऱ्या नेत्याचं मूळ मथळ्यात येत नाही, इतरांचं येतं.

आयर्लंडमधले राजकारणी लिओ वराडकर यांनी २०१५मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं, तेव्हाच सांगितलं होतं की मी ‘अर्धा भारतीय राजकारणी’ नाही आणि ‘समलिंगी राजकारणी’ही नाही. २०१७मध्ये ते तिथले पंतप्रधान झाले आणि जगभरच्या मथळ्यांनी नेमकी तीच दोन विशेषणं उचलली. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, त्यामुळे आपल्याकडे आनंद झाला. तो स्वाभाविक होता, आणि सिंधुदुर्गच्या वाचकासाठी ती खरी बातमीही होती. पण डब्लिनमधल्या घरभाड्याबद्दल किंवा ब्रेक्झिटबद्दल त्यांनी घेतलेल्या निर्णयाच्या मथळ्यात वडिलांच्या गावाला जागा नाही. वंशाचा उल्लेख बातमीशी थेट संबंध असेल तरच करावा, असं अमेरिकेतली एपी ही वृत्तसंस्था आपल्या पत्रकारांना सांगते. मराठी वृत्तकक्षांनीही परदेशातल्या आपल्या माणसांबद्दल लिहिताना हा नियम पाळावा, असं मला मनापासून वाटतं.