आतला आवाज ऐकायचा, पण कुठल्या बाबतीत?

नोकरी टिकेल का, आत्ता घर घ्यावं का, अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतं, मनाचं ऐक. ठीक आहे, पण मनाला तरी हे कुठून कळतं?

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात बेकारा, दमासिओ वगैरे मेंदूवर संशोधन करणाऱ्या मंडळींनी यावर एक भारी प्रयोग केला, १९९७ साली छापून आला. पत्त्यांचे चार गठ्ठे. दोन गठ्ठ्यांत दर पानाला १०० डॉलर मिळतात पण मधेच असा दणका बसतो की शेवटी तोटाच, उरलेल्या दोनांत ५० च मिळतात पण दंड छोटे, म्हणून हळूहळू फायदा. खेळणाऱ्याला यातलं काही सांगत नाहीत, फक्त हाताला सेन्सर लावून घाम मोजतात. दहाएक पानं झाली, एखादा फटका बसला, की वाईट गठ्ठ्याकडे हात जायच्या आधीच घाम वाढायला लागतो आणि विचारलं तर माणूस म्हणतो, मला अजून काही कळलं नाहीये! पन्नासाव्या पानाच्या आसपास शंकेची पाल चुकचुकते, आणि नीट कारण ऐंशीच्या आसपास सांगता येतं, तेही सगळ्यांना नाही. कपाळामागच्या मेंदूच्या एका भागाला इजा झालेल्या पेशंटना मात्र हा आधीचा घाम फुटलाच नाही, त्यातल्या काहींना खेळ समजला तरी ते वाईट गठ्ठ्यातूनच पानं उचलत राहिले. (पुढे २००४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी खेळणाऱ्यांना खोदून खोदून विचारलं तर बऱ्याच जणांना आधीच कळलेलं निघालं, त्यामुळे 'अगदी नकळत' यावर वाद आहे.)

म्हणजे आतला आवाज आभाळातून येत नाही, खाल्लेल्या फटक्यांतून येतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाईनने फायर ब्रिगेडवाल्यांचा अभ्यास केला, त्यातला एक ऑफिसर किचनमधली आग विझवत होता, पाणी मारून आग हटेना, खोली नको तितकी तापलेली आणि आवाज मात्र फारच कमी, त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात जमीन खचली. आग खाली तळघरात होती. त्याला वाटलं आपल्याला सहावं इंद्रिय आहे, खरं तर वर्षानुवर्षं आगी बघितल्या होत्या.

क्लाईन आतल्या आवाजावर भरवसा ठेवणारा आणि दुसरा मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन त्यावर शंका घेणारा, म्हणजे विरुद्ध टोकाचे, पण २००९ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं की असा आवाज भरवशाचा असायला दोन गोष्टी लागतात: त्या कामात गोष्टी काहीतरी ठराविक पद्धतीने घडायला हव्यात, आणि चुकलं की लवकर कळायला हवं. नर्सला हे मिळतं, पाच वर्षांनी शेअर कुठे असेल हे सांगणाऱ्याला नाही.

आता गोची अशी की अनिश्चित काळ म्हणजे बहुतेक वेळा आधी न बघितलेला काळ. मार्च २०२० मध्ये कोणाच्या गाठीशी अनुभव होता? त्यात भीतीनेही पोटात गोळा येतो, धडधडतं, म्हणजे शरीराची खूण तीच. म्हणून मला तरी वाटतं, आधी एवढंच बघावं की असला निर्णय आपण पूर्वी किती वेळा घेतलाय आणि चुकला तेव्हा कळलं होतं का. आईला बाळाचं रडणं वेगळं वाटलं तर डॉक्टर गाठावा, पण पहिल्यांदाच परदेशी जाताना 'मन नाही म्हणतंय' याला फारसा अर्थ नाही.

मग शरीराची खूण नीट ओळखता आली तर फायदा होतो का? लंडनमध्ये १८ ट्रेडरांना नाडीला हात न लावता स्वतःचे हृदयाचे ठोके मोजायला सांगितले होते, ज्यांना ते जमलं त्यांचा नफा जास्त आणि ते धंद्यात जास्त वर्षं टिकलेले, २०१६ चा अभ्यास. हे लोक झटपट सौदे करणारे, निकाल लगेच हातात. पण ज्याला मिनिटाला साधारण किती ठोके पडतात हे माहीत आहे तो काही न जाणवताही बरोबर आकडा सांगू शकतो, ही त्या टेस्टवरची टीका, आणि १८ माणसं म्हणजे तशी थोडीच.