मुक्तस्रोत डेटाबेस : सशुल्क देखभाल व स्पर्धा

मुक्तस्रोत डेटाबेस कोणालाही फुकट उतरवून वापरता येतो. पैसे लागतात ते तो बंद पडल्यावर धावून येणाऱ्याचे. खानदेशात या व्यवहाराचे चालू नाव ‘एएमसी’, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. जळगावची डाळमिल असो की रावेरचा केळी व्यापारी, बिलाच्या प्रोग्रॅमखाली मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस असा मुक्तस्रोत डेटाबेस असला तरी मालकाला त्याचे नाव ठाऊक असेलच असे नाही. प्रोग्रॅम बसवून देणारा मात्र ठाऊक असतो. विहिरीवरची मोटार जळाली की माणूस वायंडिंगवाल्याला गाठतो, कंपनीला नव्हे, तसेच हे.

करारातली खरी मेख बॅकअपची. रोज रात्री डंप, म्हणजे सगळ्या डेटाची नक्कल, निघतो, पण त्याच डिस्कवर. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग लागलेली असताना डिस्क बसली, तर डेटाही गेला आणि डंपही. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशिनवर डंप चढवून पाहणे ज्या एएमसीत लिहिलेले नाही, ती स्वस्त का, हे वेगळे सांगायला नको.

कोड खुला असल्याने मूळ कंपनीला आपल्याच मालाशी स्पर्धा करावी लागते. १९९५ साली स्वीडनमध्ये निघालेल्या मायएसक्यूएल एबीने त्यावर दुहेरी परवान्याची तोड काढली : जीपीएल या मुक्त परवान्याखाली फुकट, आणि बंदिस्त उत्पादनात घालून विकायचे तर व्यापारी परवाना. २००५ मध्ये डेटाबेस विकणाऱ्या ओरॅकलने मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणारे इनोडीबी इंजिन बनवणारी इनोबेस ही कंपनी घेतली. २००८ मध्ये सन या संगणक कंपनीने सुमारे १ अब्ज डॉलरला मायएसक्यूएल घेतले आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. तोवर संस्थापक मायकेल विडेनियस यांनी त्याच कोडवरून मारियाडीबी काढले होते. पर्कोना ही कंपनी तर २००६ पासूनच मायएसक्यूएलची सेवा स्वतंत्रपणे विकत होती. पोस्टग्रेसला असा एक मालकच नाही, त्यामुळे ते विकत घेऊन गप्प बसवता येत नाही.

पुढे झगडा हेच डेटाबेस आपल्या सर्व्हरवरून भाड्याने देणाऱ्या क्लाउडवाल्यांशी जुंपला. मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि रेडिस या दुसऱ्या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये परवाने आवळले. रेडिसच्या कोडवरून त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशन या संस्थेखाली व्हॅल्की हा मुक्त डेटाबेस उभा राहिला आणि २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय देऊ केला. आवळलेल्या परवान्यांतली ही कलमे डेटाबेस सेवा म्हणून भाड्याने देणाऱ्यांसाठी आहेत. डाळमिलच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरला त्यांची झळ सहसा लागत नाही. तिथला वाद एएमसीच्या नूतनीकरणाच्या वेळचा : ‘भाऊ, वर्षभर काही बिघडलंच नाही, मग पैसे कशाचे?’