स्प्रिंग ट्रेनिंग आणि बेसबॉलचा चाहता

स्प्रिंग ट्रेनिंग : अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधील ३० संघांचे हंगामपूर्व शिबिर आणि त्याला जोडून होणारे सराव सामने. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत साधारण सहा आठवडे निम्मे संघ फ्लॉरिडात आणि निम्मे ॲरिझोनात मुक्काम ठोकतात. फ्लॉरिडातील सामन्यांना ‘ग्रेपफ्रूट लीग’ आणि ॲरिझोनातील सामन्यांना ‘कॅक्टस लीग’ म्हणतात. या सामन्यांतले जय-पराजय १६२ सामन्यांच्या मुख्य हंगामात धरले जात नाहीत आणि सामना बरोबरीत सोडून द्यायलाही कोणाची हरकत नसते. असे असूनही आवडत्या संघापाठोपाठ थंडीतून उबेकडे येणाऱ्या चाहत्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. निकालाला किंमत नसलेला खेळ ही मंडळी एवढ्या आवडीने का पाहतात, हे समजल्याखेरीज स्प्रिंग ट्रेनिंग समजत नाही.

शिबिरात सर्वांत आधी पिचर आणि कॅचर, म्हणजे चेंडू फेकणारे आणि तो झेलणारे, हजर होतात. बाकीचे खेळाडू सुमारे आठवडाभराने येतात. फलंदाजाची नजर आणि हात दोन-तीन आठवड्यांत बसतात, पण पिचरच्या खांद्याला घाई चालत नाही. सामन्याची सुरुवात करणारा पिचर पहिल्या खेपेला जेमतेम एक-दोन इनिंग (सामन्यातल्या नऊ डावांपैकी एक म्हणजे इनिंग) टाकतो, मग दर पाच-सहा दिवसांनी थोडा भार वाढवत नेतो आणि मार्चअखेरीस पाच-सहा इनिंगपर्यंत पोहोचतो. शिबिराची लांबी ठरते ती मुख्यतः या हिशेबाने. सुरुवातीला संघाकडे साठ-सत्तर खेळाडू असतात आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांतून २६ उरायचे असतात. करारबद्ध ४० जणांच्या यादीत नसलेल्या, केवळ निमंत्रण मिळालेल्या खेळाडूंत उतरणीला लागलेले जुने नावाजलेले असतात, तसेच अजून मिसरूड न फुटलेले होतकरूही. या सहा आठवड्यांत खेळाडूंना पगार नसतो, फक्त भत्ता मिळतो. १९४६ मध्ये खेळाडूंची संघटना उभारू पाहणाऱ्या रॉबर्ट मर्फी यांच्या नावावरून त्या भत्त्याला आजही ‘मर्फी मनी’ म्हणतात.

मुरलेला चाहता सामन्याच्या वेळेला नव्हे, सकाळीच मैदानावर पोहोचतो. मुख्य स्टेडियमच्या मागे सरावाची चार-सहा मैदाने असतात आणि अनेक संघ तिथला सराव लोकांना फुकट पाहू देतात. तारेच्या कुंपणापलीकडे, दहा पावलांवर, कोट्यवधी डॉलर मिळवणारा पिचर पहिल्या बेसकडे (धावपटूने गाठायच्या पहिल्या टप्प्याकडे) धावत जाऊन सहकाऱ्याकडून चेंडू घेण्याचा तोच तो सराव पंधरा-वीस वेळा करत असतो; प्रशिक्षक हातातल्या लांब, सडपातळ बॅटने जमिनीलगत चेंडू मारत राहतो आणि कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज शेजारच्या मैदानापर्यंत ऐकू येतो. स्वाक्षरी मिळवायची ती याच वेळी, कुंपणाच्या कडेला उभे राहून. दुपारी एकच्या सुमारास सामना सुरू होतो. नामांकित खेळाडू पाचव्या इनिंगच्या आसपास मैदान सोडतात, अंघोळ करून घरी जातात, आणि त्यांच्या जागी ऐंशी-नव्वदच्या घरातले क्रमांक घातलेली, पाठीवर बहुधा नावही नसलेली मुले उतरतात. नवखा प्रेक्षक या वेळी गाडीकडे निघतो. जाणकाराचा सामना मात्र आता सुरू होतो, कारण २६ जणांतल्या शेवटच्या दोन-तीन जागांचा फैसला याच इनिंगमध्ये होत असतो. एकाच दिवशी संघाचे दोन भाग करून दोन गावांत दोन सामने खेळवले जातात, तेव्हा तर आपला लाडका खेळाडू कुठल्या बसमध्ये बसला हे सकाळी विचारून घ्यावे लागते. तिकीट काढून आलेल्यांची अगदीच निराशा होऊ नये म्हणून पाहुण्या संघाने किमान चार नेहमीचे खेळाडू आणावेत असा नियम आहे, पण तो पाळण्यात संघ फारसा उत्साह दाखवत नाहीत.

या सामन्यांचे आकडे फसवे असतात. एखादा पिचर नव्याने शिकलेला चेंडू मार बसत असतानाही टाकत राहतो, कारण त्याला जिंकायचे नसते, तो चेंडू पक्का करायचा असतो. समोर कधी कसलेला फलंदाज असतो, कधी दोन पायऱ्या खालच्या लीगमधला पोरगा. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू कमी वळतो आणि लांब जातो, त्यामुळे तिथे धावा फुगतात. मार्चमध्ये सपाटून हरलेल्या संघाने ऑक्टोबरातल्या बाद फेरीपर्यंत मजल मारणे किंवा याच्या उलट घडणे, यात नवल असे काही नाही. तरीही चाहते आकडे वाचतात आणि आशा धरतात. त्यांना तसा आधारही अधूनमधून मिळतो. २००१ साली सेंट लुईस कार्डिनल्सच्या शिबिरात आलेला एकवीस वर्षांचा अल्बर्ट पुहोल्स खालच्या लीगमध्ये पाठवला जाईल असाच सगळ्यांचा अंदाज होता. त्याने मार्चभर असा खेळ केला की त्याला वगळणे अवघड झाले, आणि वर्षअखेरीस तो नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित ठरला. १९९४ मध्ये बास्केटबॉलचा सम्राट मायकेल जॉर्डन शिकागो व्हाइट सॉक्सच्या सारासोटा येथील शिबिरात बॅट घेऊन उतरला. गर्दी अफाट झाली, पण मार्चअखेरीस त्याची रवानगी बर्मिंगहॅमच्या दुय्यम संघात झाली.

आवडत्या संघाचा वसंत कसा पाळला जातो, याचा ठळक नमुना म्हणजे बॉस्टन रेड सॉक्सचे चाहते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये बर्फ असतो आणि फेनवे पार्क या संघाच्या घरच्या मैदानाबाहेर सामान भरलेला ट्रक फ्लॉरिडाकडे निघतो. बॅटी, हजारो चेंडू, हातमोजे, सूर्यफुलाच्या बियांची खोकी असा तो ऐवज पाहायला आणि हात हलवून निरोप द्यायला लोक कानटोप्या घालून जमतात. ‘ट्रक डे’ नावाचा हा छोटेखानी उत्सवच झाला आहे. सुमारे २,४०० किलोमीटरवरच्या फोर्ट मायर्समध्ये रेड सॉक्स १९९३ पासून शिबिर भरवतात, आणि २०१२ मध्ये उघडलेल्या जेटब्लू पार्कमध्ये फेनवेचे मैदान मापासकट उतरवले आहे. डावीकडची ती प्रसिद्ध हिरवी भिंतही तिथे आहे; शिवाय या नकलेच्या पोटात प्रेक्षकांना बसायला जागा केली आहे, जी अस्सल भिंतीत नाही. त्याच गावात मिनेसोटा ट्विन्सचे शिबिर असल्याने दोन्ही संघांत दरवर्षी ‘मेयर्स कप’साठी सामने होतात. निकालाला किंमत नसलेल्या ग्रेपफ्रूट लीगमध्ये हा एक खेळकर अपवाद.

रेड सॉक्सच्याच एका सामन्याने २०२३ मध्ये शिबिराचे दुसरे प्रयोजन, नवे नियम अंगवळणी पाडणे, दाखवून दिले. त्या वर्षी पिचर आणि फलंदाज या दोघांवर वेळेचे बंधन घालणारे घड्याळ आले होते. २५ फेब्रुवारीला नॉर्थ पोर्ट येथे अटलांटा ब्रेव्हजविरुद्ध ६-६ अशी बरोबरी, नववी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेसवर धावपटू आणि ब्रेव्हजचा फलंदाज कॅल कॉनलीवर तीन बॉल-दोन स्ट्राइक अशी स्थिती होती; म्हणजे आणखी एक बॉल (टप्प्याबाहेरचा चेंडू) पडला तर तो बेसवर जाणार आणि आणखी एक स्ट्राइक (टप्प्यातला किंवा हुकलेला चेंडू) झाला तर बाद होणार. कॉनली वेळेत तयार झाला नाही, पंचांनी त्याला तिसरा स्ट्राइक दिला आणि सामना चेंडू न टाकताच संपला. आपण बेसवर जाणार असे समजून तो चालूही लागला होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पण पाच आठवड्यांनी खऱ्या हंगामात असे काही होऊ नये, यासाठीच तर सराव असतो. बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राच्या साहाय्याने आव्हान देण्याची पद्धतही २०२५ मध्ये अशीच आधी शिबिरात आजमावली गेली.

या प्रथेची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. १८७० मध्ये शिकागो आणि सिनसिनाटीचे संघ न्यू ऑर्लीन्समध्ये सरावाला गेल्याची नोंद आहे. १८८६ मध्ये शिकागोच्या संघाने कॅप ॲन्सनच्या नेतृत्वाखाली आर्कान्सॉमधील हॉट स्प्रिंग्ज गाठले. हिवाळ्यात वाढलेली चरबी आणि मुरलेली दारू गरम पाण्याच्या कुंडांत घाम काढून घालवणे हा उद्देश होता. सेंट पीटर्सबर्गचे व्यापारी आणि पुढे महापौर झालेले अल लँग यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संघांना फ्लॉरिडाची गोडी लावली. ‘ग्रेपफ्रूट’ या नावामागची आख्यायिका १९१५ ची आहे. ब्रुकलिनच्या संघाचे (पुढच्या डॉजर्सचे) व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन विमानातून टाकलेला बेसबॉल झेलायला उभे राहिले आणि वैमानिक रुथ लॉ यांनी चेंडूऐवजी ग्रेपफ्रूट टाकले; ते फुटून अंगभर रस पसरला तेव्हा आपण रक्तबंबाळ झालो असे त्यांना वाटले, असे सांगतात. शिकागो कब्ज १९२१ पासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या कॅटलिना बेटावर जात, कारण बेट संघमालक रिग्ली यांच्याच मालकीचे होते. १९३७ मध्ये त्यांच्या शिबिराचे वार्तांकन करायला गेलेला रोनाल्ड रेगन नावाचा रेडिओ निवेदक जाता जाता हॉलिवूडमध्ये पडदा-चाचणी देऊन आला आणि अभिनेता झाला. दुसऱ्या महायुद्धात प्रवास वाचवण्यासाठी संघांना उत्तरेतच, गारठ्यात सराव करावा लागला. ॲरिझोनाचे पर्व सुरू झाले १९४७ मध्ये, क्लीव्हलँडचा संघ टूसॉनला आणि न्यूयॉर्क जायंट्स फिनिक्सला गेले तेव्हा.

वसंताच्या या रम्य चित्राला एक काळी बाजू आहे आणि ती चाहत्यांच्या आठवणींत बहुधा येत नाही. १९४६ मध्ये जॅकी रॉबिन्सन, पुढच्याच वर्षी आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरलेला, ब्रुकलिनच्या माँट्रियल येथील दुय्यम संघाकडून फ्लॉरिडात आला, तेव्हा सॅनफर्ड गावाने त्याला राहू दिले नाही. डेटोना बीचने १७ मार्चला खेळू दिले, म्हणून ते मैदान आज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्यानंतरही पंधरा-सोळा वर्षे फ्लॉरिडात कृष्णवर्णीय खेळाडूंना सहकाऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी घरी उतरत. १९६१ मध्ये कार्डिनल्सचा बिल व्हाइट सेंट पीटर्सबर्गमधील केवळ गोऱ्या खेळाडूंना बोलावणाऱ्या नाश्त्याविरुद्ध उघड बोलला आणि वार्ताहर वेंडेल स्मिथ यांनी लेखणी चालवली, तेव्हा कुठे संघ हलले.

आज संघांना धरून ठेवण्यासाठी गावे आणि कौंट्या (जिल्हे) सार्वजनिक पैशांतून मैदाने बांधतात; अधिक चांगले मैदान दिसले की संघ उठून जातो. डॉजर्स १९४८ ते २००८ अशी साठ वर्षे, ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला गेल्यावरही, फ्लॉरिडातील व्हेरो बीचच्या डॉजरटाउनमध्ये येत राहिले. तिथे मैदानांमधल्या वाटांवरून खेळाडू आणि चाहते एकत्रच चालत. २००९ मध्ये संघ ॲरिझोनातील ग्लेनडेलला गेला आणि व्हेरो बीचची परंपरा संपली. याउलट डेट्रॉइट टायगर्स युद्धकाळ सोडता १९३४ पासून लेकलँडला टिकून आहेत. एकापेक्षा अधिक संघ पाहायचे असतील तर ॲरिझोना सोयीचे, कारण तिथली दहाही मैदाने फिनिक्सच्या परिसरात, मोटारीने तासाभराच्या आत आहेत. फ्लॉरिडात मात्र फोर्ट मायर्सहून पूर्व किनाऱ्यावरच्या जुपिटरला जायचे तर अख्खे राज्य ओलांडावे लागते. मेसा येथील कब्जच्या स्लोन पार्कला पंधरा हजार प्रेक्षक बसतात, आणि उतारावरच्या हिरवळीत चादर पसरून बसण्याची तिकिटे तिथे सर्वांत स्वस्त असतात.

भारतातून हे सामने पाहणाऱ्याला घड्याळाचा हिशेब करावा लागतो. फ्लॉरिडात दुपारी १.०५ ला सुरू होणारा सामना फेब्रुवारीत आपल्याकडे रात्री ११.३५ ला लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे तासभर पुढे सरकली की १०.३५ ला. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, त्यामुळे तिथला त्याच वेळेचा सामना पहाटे १.३५ लाच सुरू होतो. खेळाडू म्हणून भारताचा या शिबिरांशी संबंध अगदी थोडा आहे : उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ मधील एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले, पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला आणि २००९ मध्ये ब्रेडंटनच्या शिबिर-संकुलातून त्यांनी सर्वांत खालच्या व्यावसायिक लीगमध्ये पिचर म्हणून पदार्पण केले. मेजर लीगपर्यंत त्यांपैकी कोणी पोहोचले नाही.