टॉर्क आणि पॉवर: रिमॅप केल्यावर गाडीत नेमकं काय वाढतं?

रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलणं) करून आणलेल्या गाडीभोवती चार मित्र जमले की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वाढली?" उत्तर येतं, "चाळीस." पण चाळीस काय, न्यूटन मीटर (टॉर्कचं माप) की पीएस (पॉवरचं माप, मेट्रिक हॉर्सपॉवर)? बरेचदा सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं आणि ऐकणारे मान डोलावतात. हे दोन आकडे एकच समजल्यामुळे लोकांचे कष्टाचे पैसे भलत्याच सामानावर जाताना पाहिलेत, म्हणून हे जरा सविस्तर.

इंजिन क्रँकशाफ्टला (आपल्या मुख्य फिरत्या दांड्याला) किती जोराने पिळतं, तो टॉर्क. तो जोर आणि फिरण्याचा वेग मिळून ठरावीक वेळात जितकं काम होतं, ती पॉवर. विहिरीवर पाणी शेंदणारी दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एकाची बादली 20 लिटरची, मिनिटाला 3 खेपा. दुसऱ्याची 12 लिटरची, पण खेपा 6. पहिल्याच्या हौदात मिनिटाला 60 लिटर पडतात, दुसऱ्याच्या 72. बादली म्हणजे टॉर्क, खेपा म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि हौदात पडलेलं पाणी म्हणजे पॉवर. गणितही तितकंच सरळ आहे: न्यूटन मीटरला आरपीएमने गुणा, सुमारे 7,024 ने भागा, पीएस हातात.

आता दोन खऱ्या गाड्या घेऊ. 2013 साली आलेली, आपल्या चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय: 1.2 लिटर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), 175 न्यूटन मीटर, 105 पीएस. आणि 1989 सालची जपानी होंडा सिव्हिक एसआयआर: 1.6 लिटर, टर्बो नाही, 152 न्यूटन मीटर, 160 पीएस. टॉर्क पोलोचा जास्त, पॉवर सिव्हिकची दीडपट. कोडं सुटतं ते आरपीएमपाशी. पोलोचा पूर्ण टॉर्क 1,500 ला हजर होतो आणि 4,100 पर्यंत टिकतो, पुढे उतरतो. 5,000 ला 105 पीएस निघते, म्हणजे तिथे टॉर्क साधारण 147 उरलेला असतो. सिव्हिकचा टॉर्क ऐन भरात येतो तोच 7,000 ला.

मग रस्त्यावर जोरात कोण जाईल? "टॉर्क जास्त ती गाडी जास्त ओढते" हे वाक्य इथे अडखळतं, कारण गाडीला ढकलतो तो इंजिनाचा नव्हे, चाकाचा टॉर्क, आणि मध्ये गिअरबॉक्स असतो. समजा दोन्ही गाड्यांची चाकं मिनिटाला 700 वेळा फिरताहेत, म्हणजे वेग ऐंशीच्या आसपास. सिव्हिक 7,000 आरपीएमवर असेल तर गिअर एकास दहाचा, म्हणून चाकाशी 1,520 न्यूटन मीटर. पोलो 3,500 वर असेल तर एकास पाच, म्हणजे 875. पोलोवाल्याने खालचा गिअर टाकून 5,000 गाठले तरी 1,050 च्या आसपास. गिअर टॉर्क वाढवू शकतो, पॉवर वाढवू शकत नाही. म्हणून पूर्ण पाय दाबून, रेव्ह (आरपीएम) मर्यादेला लागेपर्यंत गाडी पळवायची असेल तर पॉवरच जिंकते. शून्य ते शंभर हा खेळ मुख्यतः पॉवर आणि वजनाचा, शिवाय सुटताना टायर किती पकड धरतात त्याचा.

पण रोज तशी गाडी चालवतं कोण? साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढतोय, पुढे उसाने भरलेला ट्रक, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, काटा 2,000 वर. बाजूची लेन मोकळी झाली, पाय दाबला. त्या क्षणी जाहिरातीतली पॉवर कुठेच नसते. असते ती फक्त 2,000 आरपीएमवरची. पोलोकडे तिथे 175 न्यूटन मीटर, म्हणजे जवळपास 50 पीएस. 2018 सालच्या 1.2 लिटरच्या साध्या पेट्रोल स्विफ्टचा कमाल टॉर्क 113, तोही 4,200 ला. 2,000 वर तो पूर्ण मिळतो असं धरलं तरी हिशेब 32 पीएसच्या वर जात नाही. स्विफ्ट दोनशेहून अधिक किलोंनी हलकी आहे, त्यामुळे ती अगदीच मागे पडत नाही, पण गिअर उतरवावा लागतोच. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो हाच: खालच्या-मधल्या रेव्हवर गिअर न बदलता मिळणारी ओढ.

आता मॉडिफिकेशनकडे येऊ. टर्बो गाडीचा टॉर्क 1,500 ते 4,100 असा पाटासारखा सपाट का असतो? टर्बो त्याहून जास्त हवा कोंबू शकतो, पण कंपनीने ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) छत घालून ठेवलेलं असतं. रिमॅप ते छत वर उचलतो: बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) थोडा वाढतो, त्या प्रमाणात इंधन वाढतं आणि ठिणगीची वेळ बदलते. 175 चे 215 झाले असं धरा. 3,000 आरपीएमवर 75 ची पॉवर थेट 92 पीएसवर जाते. वर मात्र लहान टर्बोला दम पुरत नाही, म्हणून शेवटचा पीएसचा आकडा त्या मानाने कमी वाढतो. कागदावर माफक दिसणारी ही वाढ घाटात म्हणूनच इतकी जाणवते.

बिनटर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी. त्याला हवा मिळते ती वातावरणाच्या दाबाने, आणि तो दाब कोणताही सॉफ्टवेअरवाला वाढवू शकत नाही. फिल्टर, फ्री फ्लो एक्झॉस्ट, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ही सगळी धडपड वरच्या रेव्हवर श्वास मोकळा करण्याची. स्विफ्टचा 6,000 वरचा टॉर्क 97 चा 102 झाला तर मिळतात 4 पीएस, तेही काटा तिथवर नेला तरच. मोठा कॅम बसवला तर खालचा टॉर्क चक्क कमी होतो. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावून इंजिनाचीच गरम हवा आत घेणं तर नुकसानीचंच: हवा 10 अंशांनी तापली की ती सुमारे 3 टक्के विरळ होते. आवाज वाढतो हे खरं, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखं वाटतं. पण बिनटर्बो गाडीत खर्च करायचाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: चांगले टायर, चांगले ब्रेक.

महाबळेश्वरला या दोन इंजिनांतला फरक फार छान कळतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्के कमी. बिनटर्बो गाडी तेवढीच मरगळते; टर्बो मात्र जास्त वेगाने फिरून बरीचशी भरपाई करतो.

एक गोष्ट रिमॅप करून घेणाऱ्याने विचारलीच पाहिजे: टॉर्क कोणत्या आरपीएमपासून वाढवणार? क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण येतो तो टॉर्कचा. पोलो जीटीच्या सात गिअरच्या डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादाच 250 न्यूटन मीटरची. आणि 1,800 आरपीएमवर, जड गिअरमध्ये, एकदम जादा बूस्ट दिला की नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटण्याचा) धोका वाढतो आणि कनेक्टिंग रॉडवर वाईट भार पडतो. समजदार ट्यूनर खाली हात राखून ठेवतो आणि टॉर्क हळूहळू चढवतो. वॉरंटी आणि विमा यांचं काय होणार तेही आधीच विचारून घ्या.

डायनोचा (टॉर्क आणि पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा) कागद हातात आला की सर्वात वरचा आकडा सोडून 2,000 ते 4,500 मधली जुनी आणि नवी रेघ बघा. त्या दोन रेघांमधली जागा तुम्ही विकत घेतलेली असते. शिवाय एक तपासणी करा. न्यूटन मीटर आणि पीएस एकाच मापपट्टीवर काढले असतील तर टॉर्क आणि पॉवर या दोन्ही रेघांचा आकडा 7,024 आरपीएमलाच सारखा येतो, त्याच्या खाली टॉर्कची रेघ कायम वर. पाउंड-फूट आणि हॉर्सपॉवर असेल तर हा आकडा 5,252. मापपट्टी एकच असून रेघा दुसरीकडे कुठे छेदत असतील, तर पैसे देण्याआधी तो कागद कसा तयार झाला ते विचारा.